खेळाडूची मजुरी आणि त्याची पंगत

ठाणें जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. दिवाळी उलटून भाताची कापणी झाली आणि भारे खळ्यावर गेले, म्हणजे या भागांतील रिकाम्या शेतांचें रूप पालटतें. धसकटें काढून टाकतात, पाणी शिंपडून मधली पट्टी चोपून कठीण करतात, चुन्याच्या रेघा ओढतात, आणि टेनिसच्या चेंडूनें क्रिकेटचे सामने सुरू होतात. ते पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. ध्वनिक्षेपकावरून एक गृहस्थ प्रत्येक चेंडूचें रसभरित वर्णन करीत असतो. मांडवांत चषक मांडलेले असतात, आणि स्पर्धा मोठी असली तर हार घातलेली एखादी नवी मोटारसायकलहि उभी असते. अलीकडे हा सर्व सोहळा घरबसल्या हातांतील दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतां येतो.

या सामन्यांच्या जाहिरातींत दोन शब्द वारंवार येतात. पहिला शब्द "मर्यादित". कांहीं स्पर्धा गांवमर्यादित असतात, कांहीं तालुकामर्यादित, आणि कांहीं समाजमर्यादित. समाजमर्यादित याचा अर्थ एकाच जातीच्या मुलांनीं आपसांत खेळावयाच्या. दुसरा शब्द "लिलाव". शहरांतील मोठ्या साखळी सामन्यांचें अनुकरण करून खेड्यांतहि आतां संघांचे मालक पुढें येतात, खेळाडूंचीं नांवें पुकारलीं जातात आणि त्यांच्यावर बोली लागते. पुष्कळ ठिकाणीं ही बोली रुपयांची नसून नुसत्या गुणांची असते. मुलाच्या पदरीं शेवटीं पडतो तो एक रंगीत सदरा, पाठीवर नांव छापलेला. बाहेरगांवचा नामांकित फलंदाज मात्र रोख मानधन घेतल्यावांचून एस्. टी.ची पायरी चढत नाहीं, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकतें असेंहि म्हणतां येत नाहीं.

मैदानावर उतरणारा कोण, आणि खेळून झाल्यावर त्याच्या हातावर काय पडतें, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात. परंतु मुंबई इलाख्यांत क्रिकेट रुजलें तेव्हांपासून ते एकमेकांत असे गुंतले आहेत कीं, एकाचा धागा ओढला तर दुसरा आपोआप हातीं येतो. त्यासाठीं पुण्याच्या मैदानावर सुमारें एकशेंतीस वर्षें मागें जाणें इष्ट होईल.

बाळू पालवणकर यांचा जन्म धारवाडचा. घराणें मूळचें कोंकणांतील पालवण या गांवचें, आणि आडनांव त्या गांवावरूनच आलेलें. जातीनें हें कुटुंब चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य. वडील पुण्यास लष्कराच्या नोकरींत होते. बाळू यांची पहिली चाकरी पुण्यांतील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत होती. खेळपट्टी झाडणें, रूळ फिरवणें, आणि सभासदांची इच्छा झाली तर जाळीमध्यें त्यांना चेंडू टाकणें हें काम. पगार महिना तीन रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या क्लबांत गेले. तेथें महिना चार रुपये मिळूं लागले. जाळी बांधणें, हिरवळ राखणें, पट्टी तयार करणें हें तर होतेंच. पण साहेब लोकांना चेंडूंचा सराव देणें हें काम तेथें अधिक पडे.

त्या क्लबांत कॅप्टन ग्रेग या नांवाचा एक नामांकित फलंदाज होता. तो सकाळीं सर्वांच्या आधीं येऊन बाळू यांच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकवून घेई. असें सांगतात कीं, आपणास बाद करील त्या प्रत्येक वेळीं आठ आणे देण्याचें त्यानें कबूल केलें होतें. हिशेब करण्यासारखा आहे. दिवसाला एकदां जरी ग्रेगसाहेबाचा त्रिफळा उडाला, तरी महिन्याचे पंधरा रुपये होतात, म्हणजे पगाराच्या जवळजवळ चौपट. डावखुऱ्या संथ गोलंदाजीची जी करामत पुढें इंग्लंडनें पाहिली, तिचें शिक्षण या आठ आण्यांच्या शाळेंत झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र इतकी वर्षें चेंडू टाकूनहि त्या जाळींत त्यांच्या हातीं कधीं बॅट आली नाहीं. फलंदाजी ही साहेबाची. चेंडू टाकण्याचे श्रम नोकराचे. मजुरी आणि दर्जा यांची सांगड कशी असते, याचें इतकें स्वच्छ उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं.

पुण्याच्या हिंदु क्लबापुढें आतां पेंच पडला. साहेबांना हरवावयाचें तर हा गोलंदाज हवा, आणि घ्यावयाचा तर विटाळ आड येतो. पुष्कळ वादविवाद होऊन त्यांना घेतलें. मैदानावर सर्वजण त्याच चेंडूस हात लावीत. परंतु चहाच्या वेळीं इतरांना चिनी मातीच्या पेल्यांतून आणि बाळू यांना बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. जेवणाचें पान वेगळ्या मेजावर. तोंड धुण्यास पाणी हवें तर तें आणून देणारा नोकरहि अस्पृश्य. बळी मिळत गेले तसतशी ही शिवाशीव सैल होत गेली, हें मान्य करावें लागतें; पण बळी मिळाले नसते तर ती सैल झाली नसती, हेंहि त्याच वाक्यांत मान्य करावें लागतें. न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषानें या गोलंदाजाचा जाहीर गौरव केला, हें त्या पुण्यास भूषणावह होतें.

प्लेगच्या दिवसांत पालवणकर कुटुंब मुंबईस आलें. तेथें हिंदु जिमखान्याचा संघ आणि मुंबई बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेची नोकरी असा बाळू यांचा दुहेरी संसार सुरू झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जिमखान्यांतील वकील, व्यापारी आणि संस्थानिकांचे आप्त हौसेनें खेळत. ज्यांच्या घरीं हौसेला पैसा नव्हता त्यांना कोणी तरी नोकरी दिल्याखेरीज खेळतां येत नसे. पगार खेळाचा नव्हे, नोकरीचा. पण नोकरी मिळाली ती खेळामुळें. रेल्वे, गिरण्या, बँका आणि कारखाने यांनीं नंतरच्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांतील खेळाडू पोसले ते याच रीतीनें. क्रिकेटपटूच नव्हेत, तर कबड्डीपटूहि. मोठमोठ्या संस्थांच्या संघांत नांव लागलें कीं घरांत कायमची मिळकत आली, अशी आशा धरून ठाण्याच्या खेड्यांतील मुलें सायंकाळीं मातींत दम घुमवीत आलीं आहेत.

१९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदूंचा सामना युरोपियनांशीं झाला. हिंदूंच्या धांवा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदु १०९ धांवांनीं जिंकले. बाळू यांनीं दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले, आणि त्यांचे बंधु शिवराम हेहि त्या संघांत होते. पुढील वर्षापासून हिंदु, पारशी आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले; १९१२ त मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले; १९३७ त "इतर" या नांवाचा पांचवा संघ आल्यावर पंचरंगी झाले. "इतर" म्हणजे वरच्या चार कप्प्यांत न बसणारे: ख्रिस्ती, ज्यू वगैरे. सांगलीचे विजय हजारे हे ख्रिस्ती असल्यामुळें त्यांचा समावेश या इतरांत होई. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंविरुद्ध इतरांच्या ३८७ धांवा झाल्या, त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. त्यांचे बंधु विवेक यांनीं एक बाजू धरून अवघ्या २१ धांवा केल्या, आणि दोघां भावांची भागी तीनशेंची झाली. धर्माच्या खानेसुमारीवरून संघ पाडले म्हणजे असे चमत्कार घडतात!

सामन्यांना गर्दी अफाट होत असे, आणि तिकिटें खपत. परंतु खेळणारे नांवाला तरी हौशी होते. हौशी माणसानें दाम मागूं नये अशी सभ्यतेची कल्पना होती. ती कल्पना श्रीमंताला शोभणारी आणि गरिबाला जाचणारी होती. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांतील साखळी सामन्यांत प्रत्येक क्लब एक पगारी खेळाडू उघडपणें ठेवीत असे, आणि नवानगरचे अमरसिंग १९३५ पासून कांहीं वर्षें तेथील कोल्न क्लबासाठीं खेळले. इकडे मात्र पगारी खेळाडू हा शब्दहि तोंडांतल्या तोंडांत उच्चारला जाई. होळकरांच्या पदरीं राहून कर्नल ही पदवी धारण करणारे सी. के. नायडू कोणत्या लढाईवर गेले, असा प्रश्न कोणी विचारीत नसे.

पालवणकर बंधूंची गोष्ट येथें संपत नाहीं. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्यांत शीख, पारशी, हिंदु, मुसलमान असे सर्व होते. त्या दौऱ्यांत बाळू यांनीं ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तरी पण हिंदु संघाचें कर्णधारपद कांहीं त्यांना मिळालें नाहीं. १९२० सालीं तर त्यांना संघांतून वगळलें, आणि नियोजित कर्णधार पै आजारी पडले असतां ती जागा शिवराम किंवा विठ्ठल या त्यांच्या बंधूंना न देतां प्रा. दि. ब. देवधर यांना दिली. देवधर उत्तम फलंदाज होते यांत शंका नाहीं. परंतु अनुभवानें पालवणकर वडील होते. शिवराम आणि विठ्ठल यांनीं संघाचा त्याग केला आणि त्याचें कारण पत्रक काढून जाहीर केलें. गवगवा झाला. अंतिम सामन्यासाठीं दोघे बंधु परत आले, बाळू यांना उपकर्णधार नेमलें, आणि पै मैदानाबाहेर गेले त्या अवधींत बाळू यांनीं संघ चालविला. त्यानंतर १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. तीन रुपयांपासून कर्णधारपदापर्यंत यावयास एका कुटुंबास तीस वर्षें आणि चार भाऊ लागले. चौथे बंधु गणपत, तेहि खेळाडूच.

बाळू पुढें राजकारणांत आले. १९३२ च्या पुणें कराराखालीं त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनीं पराभूत झाले. गंमत अशी कीं, तरुणपणीं ज्यांनीं बाळू यांच्या सत्काराच्या खटपटींत भाग घेतला होता तेच हे आंबेडकर. १९५५ सालीं बाळू यांचें देहावसान झालें.

पंचरंगी सामन्यांना १९४० च्या डिसेंबरांत महात्मा गांधींनीं आपली नापसंति कळविली, आणि १९४६ सालीं ते बंद पडले. नेमक्या त्याच सालीं अमेरिकेंत निराळ्या खेळांत निराळा प्रकार घडत होता. तेथील राष्ट्रीय खेळ बेसबॉल. त्याच्या मुख्य साखळ्यांत कित्येक दशकें काळ्या वर्णाच्या खेळाडूस मज्जाव होता. जॅकी रॉबिन्सन या निग्रो खेळाडूस १९४६ त प्रथम दुय्यम श्रेणीच्या माँट्रियल संघांत घेतलें, आणि १९४७ च्या १५ एप्रिलला तो ब्रुकलिनच्या मुख्य संघांतून मैदानावर उतरला. इकडे धर्मावरून पाडलेले संघ मोडले, तिकडे वर्णावरून लावलेली कडी निघाली.

परंतु दार उघडलें म्हणजे पोट भरतें असें नव्हे. अमेरिकेंतील त्या दुय्यम श्रेणींत आज डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला अशा गरीब देशांतून आलेले तरुण फार मोठ्या संख्येनें आहेत. त्यांचा पगार बरीच वर्षें इतका तुटपुंजा होता कीं, एका भाड्याच्या खोलींत कित्येकजण जमिनीवर गाद्या टाकून निजत. शेवटीं २०२२ त त्यांनीं संघटना केली आणि मार्च २०२३ मध्यें पहिला करार झाला. सर्वांत खालच्या पायरीवरील खेळाडूचें वार्षिक वेतन ४,८०० डॉलरांवरून १९,८०० वर गेलें. सर्वांत वरच्या पायरीवरचें १७,५०० वरून ३५,८०० वर. ही वाढ मालकांच्या औदार्यानें झाली नाहीं. खेळाडू आपणांस मजूर म्हणवून घेण्यास लाजले नाहींत, म्हणून झाली.

भारतांतहि मधल्या पायरीचें बरेंच भलें झालें आहे. २०२१ सालीं नियामक मंडळानें रणजी करंडकाच्या सामन्यांचें वेतन ठरविलें तें असें: ज्याचे वीसपर्यंत सामने झाले असतील त्यास दिवसाला ४०,००० रुपये, चाळीसपर्यंत ५०,०००, आणि त्याहून अधिक असल्यास ६०,०००. राखीव खेळाडूस त्याच्या निम्में. चार दिवसांचे सात साखळी सामने धरले तर नवख्या खेळाडूसहि ११,२०,००० रुपये होतात. स्त्रियांच्या वरिष्ठ गटाचें वेतन त्याच वर्षीं दिवसाला १२,५०० वरून २०,००० वर नेण्यांत आलें, म्हणजे वाढ होऊनहि तें नवख्या पुरुषाच्या अर्ध्यावरच राहिलें. आणि २०२४ च्या नोव्हेंबरांतील मोठ्या लिलावांत सर्वांत महाग खेळाडूची किंमत २७ कोटि रुपये झाली. आठ आण्यांच्या त्या साहेबी इनामाशीं याची तुलना कोणीं करूं नये. रुपयाच बदलला आहे.

प्रश्न आहे तो त्या मधल्या पायरीपर्यंत पोंचण्याचा. शहापूरचें रेल्वे स्थानक आसनगांव. त्याच तालुक्याच्या टोकाचें कसारा मुंबईच्या मुख्य स्थानकापासून १२१ किलोमीटर आहे. मुरबाडला आगगाडी नाहीं, एस्. टी.नें कल्याणला उतरावें आणि मग गाडी धरावी. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या पालघरचा शार्दूल ठाकूर भल्या पहाटे किटाची पिशवी घेऊन असाच लोकलनें मुंबईकडे सरावाला जात असे; पुढें बोरिवलीस त्याच्या प्रशिक्षकांनीं त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें तेव्हां त्याची ती पायपीट थांबली. प्रत्येक मुलास असें घर मिळत नाहीं. शिवाय चामडी चेंडू, पायाचीं पॅडें, हातमोजे, शिरस्त्राण यांचा खर्च भातशेतीवर झेपणारा नव्हे. टेनिसचा चेंडू गरिबाच्या घरीं आला तो याच कारणामुळें.

त्या टेनिसच्या चेंडूलाहि आतां पैशाची साखळी लाभली आहे. मार्च २०२४ मध्यें ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहावर दहा षटकांच्या सामन्यांची सहा संघांची साखळी प्रथम झाली. प्रत्येक संघास खर्चासाठीं एक कोटि रुपये, आणि खेळाडूची मूळ बोली तीन लाख. शेतांतील पट्टीवर खेळून हात तयार केलेल्या पोराला तीन लाख म्हणजे घराचें छप्पर, बहिणीचें लग्न. हें स्वागतार्हच आहे. परंतु तीन लाखांच्या यादींत जाण्यासाठीं आधीं कोणाच्या तरी नजरेस पडावें लागतें, आणि नजरेस पडण्यासाठीं हंगामांत गांवीं असावें लागतें.

येथेंच शहापूर आणि मुरबाडची खरी अडचण आहे. या तालुक्यांत कुणबी, आगरी यांच्याबरोबर ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी यांचे पाडे आहेत. त्यांतील कातकरी कुटुंबें दिवाळी झाली कीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, कल्याण, पनवेलकडील वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यांत अडीअडचणीला मालकाकडून बयाणा उचललेला असतो; तो विटा पाडून फेडावयाचा. लहानथोर सर्वांनीं जावयाचें. दगड नेमका मारणारीं, पाखराच्या मागें रानांत धांवणारीं त्या पाड्यांतील मुलें क्रिकेटला नालायक असतात असें कोणी म्हणणार नाहीं. पण भाताचें शेत मोकळें होतें तेव्हांच भट्टी पेटते, आणि खेळाचा हंगाम व भट्टीचा हंगाम दोन्ही एकाच आठवड्यांत सुरू होतात. समाजमर्यादित स्पर्धेंत त्यांच्या समाजाची स्पर्धा भरविण्यास कोणी वर्गणीदार नसतो. खुल्या स्पर्धेंत ते गांवीं नसतात. लिलावाच्या यादींत नांव देण्यास तेथें कोणी उभा नसतो. त्यांना कोणी मज्जाव केलेला नाहीं. पालवणकरांच्या वेळीं निदान पेला वेगळा ठेवणारा माणूस समोर दिसत होता.

कांहीं गांवच्या मंडळांनीं स्पर्धेंतील शेवटचे सामने वैशाखापर्यंत लांबविले तर भट्टीवरून परतणाऱ्या मुलांना चार दिवस तरी मैदान मिळेल. बक्षिसाच्या रकमेंतून खेळणाऱ्या प्रत्येकास दिवसाचा रोजगार देण्याची पद्धत पाडतां येईल. मोटारसायकलीऐवजीं अकरा जणांची मजुरी दिली तर मांडवाची शोभा थोडी कमी होईल इतकेंच. आणि जातीच्या नांवानें भरणाऱ्या स्पर्धांतून निदान दोन जागा बाहेरच्यांस खुल्या ठेवण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. ज्या वर्गण्यांवर त्या चालतात, त्या वर्गण्या देणारे दुकानदार कांहीं सर्व एकाच जातीचे नसतात.

ज्येष्ठांत पाऊस लागला म्हणजे भट्ट्या थंडावतात आणि कातकरी पाड्यावर परततात. त्या वेळीं गांवची खेळपट्टी चिखलाखालीं गेलेली असते आणि तिच्यावर भाताचीं रोपें टाकलेलीं असतात. मुंबईस मात्र डॉ. कांगा यांच्या नांवानें १९४८ सालीं सुरू झालेली, मुद्दाम पावसाळ्यांत खेळावयाची एक साखळी आहे, आणि तिच्या मैदानांकडे जाणारी लोकल आसनगांवावरून रोज सुटते.